सुतकात परत गेलेला चेक

आमच्या मालकांचा उभ्या जन्मात एकच चेक परत गेला. एकच, पण दोनदा. पहिल्यांदा गेला तेव्हा ते पुण्याच्या दवाखान्यात नळ्या लावून पडले होते, आणि दुसऱ्यांदा गेला तेव्हा घरात त्यांचं सुतक चालू होतं. बँकेनं दोन्ही वेळेला दंड लावला. मग त्या दंडामुळं खातं मर्यादेच्या बाहेर गेलं, म्हणून दर महिन्याला आणखी दंड लावत राहिली. तो दंड परत मागायला मी आमच्या डिंगोऱ्याहून जुन्नरला जे खेटे घातले, त्याची ही हकिगत. लोक म्हणाले, म्हातारी पैशासाठी भांडते. म्हणू देत. मला एवढंच पाहिजे होतं की माझ्या माणसाचं खातं बंद होताना त्याच्या नावापुढं बुडव्यासारखा आकडा नसावा.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं सायकलचं दुकान होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसत्या सायकली. पुढं पोरं सायकलीवरून मोटारसायकलीवर गेली, तसे हेही टायर, ट्यूब, चेन, पंक्चर असं करत त्यांच्या मागं गेले. दुकान एवढंएवढं, म्हणून निम्मा माल घरीच असायचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी शिकलेली चौथी. ते कागद सरळ करून वाचत बसायची. तेलानं अर्धी बातमी गेलेली असायची, ती मी मनानं पुरी करायची. वाचायची-लिहायची खोड मला तिथून लागली, ती अजून आहे.

उधारी म्हणाल तर त्यांना सोसायची नाही. समोरच्या टपरीवर चहा सांगितला की आधी पैसे त्याच्या हातात. टपरीवाला म्हणायचा, "अवो भाऊ, पिऊन तर बघा, गुळमाट निघला तर?" हे म्हणायचे, "गुळमाट निघला तर त्ये तुझं पाप. पैसं ऱ्हायलं तर माझं." असा माणूस. त्यानं बँकेत ओडीचं खातं काढलं, हेच मला तेव्हा नवल वाटलं होतं. ओडी म्हणजे खात्यात पैसे नसले तरी ठरल्या मर्यादेपर्यंत बँक पुढं घालते, आपण मागून भरायचे, वर व्याज द्यायचं. कागदावर सही करून आले त्या दिवशी जेवण नीट गेलं नाही त्यांना. "बँक म्हनती घे. घेतलं म्हंजी उधारीच की गं ती!"

त्यांना तयार केलं होतं शेठनी. शेठ म्हणजे टायर-ट्यूबचे मोठे व्यापारी, राजस्थानातले जैन, पण तीन पिढ्यांपासून जुन्नरचेच. बोलणं आपल्यासारखंच. फक्त दिवस मावळायच्या आत जेवणार, त्यामुळं संध्याकाळी त्यांच्याकडं हिशेबाला कुणी जाऊ नये, चिडतात. ते म्हणाले, "भाऊ, ही उधारी नाही, ही सोय आहे. माल आज घेऊन जा, चेक पुढच्या तारखेचा द्या. तोवर तुमचा बाजार होतो." मग तसंच सुरू झालं. बाजाराच्या दिवशी गल्ला चांगला व्हायचा. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी हे पायरीवर हजर. शिपाई म्हणायचा, "साहेब अजून आलं न्हाईत, तुमी आलात." शेठचा चेक लागायच्या आत पैसे खात्यात गेलेले असायचे. वर्षानुवर्षं चाललं हे, एकदाही चुकलं नाही.

त्या दिवशी ते दुकानात कुणाच्या तरी गाडीच्या चेनला तेल देत बसले होते. तेलाची बाटली हातातून पडली आणि ती उचलायला हातच उठेना. शेजारच्या दुकानदारांनी गाडीत घालून नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. माझी लेक कळंबला दिलेली, ती तशीच पदर खोचून आली. बापाचं बँकेचं कार्ड तिच्याकडं होतं, त्यांनीच कधीतरी नंबर सांगून ठेवला होता. दवाखान्यात पैसे भरल्याशिवाय पुढची तपासणी नाही, तेव्हा ती खालच्या मशीनवर जायची, काढून आणायची, भरायची. खात्यातले संपले तेव्हा ओडीतले निघायला लागले. निघत होते म्हणून ती काढत होती. त्यात शेठला दिलेला चेक कुणाच्या ध्यानात असणार? त्यांच्या असेल, पण त्यांचं बोलणं गेलेलं. डाव्या हाताच्या बोटानं चादरीवर सारखं काहीतरी काढायचे. आम्ही म्हणायचो पाणी पाहिजे, चमच्यानं पाणी पाजायचो. ते मान हलवायचे आणि पुन्हा बोट फिरवायचे. आता वाटतं, त्यांना चेकचंच सांगायचं असेल. नसेलही. कोण सांगणार?

पहिल्यांदा चेक परत गेला तो त्याच आठवड्यात. त्यांचा फोन लेकीच्या पिशवीत बंद पडलेला.

मग आम्ही त्यांना डिंगोऱ्याला आणलं ते चारचौघांच्या खांद्यावर द्यायलाच.

सुतकाचे दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना काय सांगायचं. चूल बंद, शेजारणी भाकरी-कोरड्यास आणून ठेवतात, आणि आपण कुणी "खा" म्हणालं की खातो. शेठ तिसऱ्या दिवशी बसायला आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, बराच वेळ भिंतीकडं बघत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "वहिनी, माणूस सोन्यासारखा होता," आणि उंबऱ्यात ठेच लागली तरी मागं वळून न बघता गेले.

आमच्या घरात तेव्हा आणखी एक माणूस होतं, माझी नणंद. मालकांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हे रांगत होते, बहिणीनंच कडेवर घेऊन वाढवलं. पुढं ती विधवा झाली, पोरबाळ नाही, तेव्हा हे जाऊन तिला माहेरी घेऊन आले. तेव्हापासून ती आमच्यातच. मी तिला वन्सं म्हणते. वन्सं म्हणजे घरातलं पंचांग. कधी केस धुवायचे नाहीत, कधी घर सारवायचं नाही, कोणत्या दिवशी कुणाच्या हातावर मीठ द्यायचं नाही, सगळं तिच्या तोंडावर. मी मनातून हसायची, पण मोडायची नाही.

भावकीत कळवायला नंबर पाहिजे होते म्हणून लेकीनं बापाचा फोन चालू केला. त्यावर बँकेचे मेसेज आलेले. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, शेठचा चेक परत गेलाय. त्यांनी पुन्हा टाकला तर पुन्हा जाईल. दुकानाच्या गल्ल्यात बाजाराचे पैसे आहेत ना? मी जाऊन भरून येते." खिळ्यावरची दुकानाची किल्ली तिनं काढलीसुद्धा. तेवढ्यात वन्सं भिंतीच्या आधारानं उठली.

"कुटं निघालीस गं?"

"जुन्नरला, आत्या. बँकेत."

"सुतक हाय."

"माहितीये आत्या. पाच मिनिटांचं काम आहे. पैसे भरायचे नि यायचं."

"धाव्यापत्तूर दुकानाचं कुलूप निघायचं न्हाई, का घरातला पैसा उंबऱ्याभायेर जायचा न्हाई. लक्ष्मी सुतकात भायेर काढली तर ती म्हागारी येत न्हाई."

"अगं, दंड बसेल!"

"बसू दी. माझा भाऊ गेला, आन् तू मला दंडाचं सांगती व्हय?"

त्यावर लेक रडायलाच लागली. किल्ली तिनं खिळ्याला अडकवली. मी कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली. मला त्या दोघींचं बोलणं कुठल्या तरी दुसऱ्या घरातून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

दहावा झाला, तेरावा झाला. दुकान उघडलं तेव्हा गल्ल्यात चेकपुरते पैसे होते, वर थोडे उरत होते. पैसे रुमालात बांधून मी स्वतः शेठच्या पेढीवर गेले. त्यांनी पैसे घेतले, मोजलेसुद्धा नाहीत. मग ड्रॉवरमधून चेक काढून माझ्यापुढं ठेवला. त्याला बँकेची चिठ्ठी टाचलेली.

मी म्हणाले, "शेठ, तुमी बसायला आला व्हता तवा तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"वहिनी, ते काय बोलायचं असतं का तिथं?" ते दुसरीकडं बघायला लागले. "दुसऱ्यांदा मी नव्हता टाकला. आमच्या पोरानं टाकला, त्याला गठ्ठ्यात दिसला म्हणून. त्याला मी नको ते बोललो. पण दंड काय, बसायचा तो बसला."

मी ती चिठ्ठी वाचली. चेक परत जायचं कारण छापलेलं होतं: पुरेशी रक्कम नाही. मी पुन्हा वाचलं. गल्ला भरलेला, त्याची किल्ली खिळ्यावर, आणि ह्यांच्या सहीच्या चेकला हे शब्द टाचलेले. शेठनी पाणी मागवलं. मी घोटभर प्याले आणि तिथनंच बँकेत गेले.

बँकेतल्या मॅनेजर मॅडम विदर्भातल्या, माझ्या लेकीहून लहान. बोलायला चांगल्या, पण बोलता बोलता डोळे कॉम्प्युटरवर. त्यांनी आधी विचारलं, "आजी, खातेदार वारल्याचं बँकेला कळवलं होतं का?" नव्हतं कळवलं. बँकेला कळवायचं असतं हे मला ठावंच नव्हतं. गावाला कळवलं, सोयऱ्यांना कळवलं, न्हाव्याला कळवलं. बँक कुठं आठवते? मॅडम म्हणाल्या, कळवलं असतं तर दुसऱ्या वेळी चेक 'खातेदार मयत' म्हणून परत गेला असता, दंड लागला नसता.

ओडीतनं दवाखान्याला काढलेले पैसे आणि त्याचं व्याज, ते मी भरून टाकलं. शेठनी उरलेला माल खरेदीच्या भावानं परत घेतला, त्यातनं. ते देणं हक्काचं होतं, त्यावर माझं एक अक्षर नव्हतं. मागं राहिला तो निव्वळ दंड. खात्यावर तेवढाच उणे आकडा.

"तेवढे भरले की आपण खातं बंद करू," मॅडम म्हणाल्या.

"भरायचं मलाबी ठावं हाय. पण त्ये उणं त्यांनी न्हाई केलं. तुमच्या दंडानं झालं."

"दंड सिस्टीम लावते आजी, आम्ही नाही लावत."

"मग तुमच्या शिष्टीमला सांगा की, मानूस आजारी व्हता."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, अर्ज द्या, मी वर पाठवते.

लेकीचं म्हणणं पडलं, "आई, एवढ्याशा रकमेसाठी किती फेऱ्या मारणार? मी फोनवरून भरते, संपला विषय." मी म्हणाले, "हात लावशील तर बघ." तिला राग आला. पण मला एकच दिसत होतं. आपण भरले म्हणजे आपण कबूल केलं. म्हणजे हे बुडवे होते, आणि मागून बायकोपोरांनी निस्तरलं.

अर्ज मी लिहिला. तीन पानं भरली. चहाचे पैसे आधी द्यायचे ते लिहिलं, बँकेच्या पायरीवर बसायचे ते लिहिलं, तेलाची बाटली पडली ते लिहिलं. मॅडमनी सगळा वाचला, बाकीची माणसं ताटकळत उभी असताना वाचला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. मग म्हणाल्या, "आजी, एका पानात बसवा. वर एवढं कुणी वाचत नाही." घरी येऊन मी बसवायला घेतलं. चहा काढला. पायरी काढली. तेलाची बाटली काढताना पेन खाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी काढली. पानभर राहिलं त्यात ह्यांचा खाते नंबर होता, तारखा होत्या आणि विनंती होती. ते कुणाचंही चाललं असतं.

तो घेऊन गेले तर मॅडम म्हणाल्या, "एक अडचण आहे. घरात पैसे होते असं तुम्हीच म्हणता. मग भरले का नाहीत? वरून पहिला प्रश्न हाच येईल."

"सुतक व्हतं."

"हो, पण सुतक म्हणजे... कुणीतरी येऊ शकलं असतं ना? तुमची मुलगी?"

नणंदेनं अडवलं, असं बँकेच्या कागदावर कसं लिहू? ती घरात, माझ्याच ताटाला ताट लावून जेवणारी, भावावाचून निम्मी झालेली. मी म्हणाले, "न्हाई येता आलं कुनाला." मॅडमनी पेन टेकवून ठेवलं, लिहिलं काही नाही. अर्ज तसाच राहिला.

घरी वन्संनं विचारलं, "काय म्हनली गं तुझी ब्यांकवाली?"

"बघू म्हनली."

"बघती काय? नवरी हाय का?"

दोन-चार दिवसांनी लेकीचा फोन आला. माझे हात पिठाचे, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर करून चुलीपाशी ठेवला. लेक तावातावानं बोलत होती, "तू त्यांना सरळ सांगत का नाहीस, आत्यानं अडवलं म्हणून? त्या दिवशी मला जाऊ दिलं असतं तर पप्पांचा चेक दुसऱ्यांदा परत गेलाच नसता. आता तू उन्हातान्हात हेलपाटे घालतेस नि ती बसलीये घरात देवधर्म सांगत!"

मी फोनवर झडप घातली, पण उशीर झाला होता. वन्सं दारात निवडायचं सूप घेऊन बसलेली. तिचे हात थांबले. सुपातले खडे पुन्हा धान्यात मिसळले आणि सगळं पहिल्यापासून निवडायला लागली. जेवायला बसली नाही, म्हणाली पोटात जागा न्हाई. सकाळी उठून बघते तर ठेवणीतलं लुगडं नेसून, काठी घेऊन अंगणात उभी.

"कुटं?"

"तुझ्या ब्यांकंत."

एसटीत तिनं कंडक्टरला हात केला, "मला फुकाट." आता पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही. त्यानं विचारलं, "आजी, कार्ड?" ती म्हणाली, "तोंड बघ माझं. ह्ये का चाळिशीचं हाय?" तो म्हणाला, "तोंडावर तर साठच दिसत्यात आजी, काय करू?" सगळी गाडी हसली. मी पिशवीतनं तिचं आधार कार्ड काढून दिलं. वन्सं हसली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली.

बँकेत मॅडमनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"माझ्या भावजयीला काय इचारलंत तुमी? पैसं का न्हाई भरलं म्हून? तर त्ये मी भरू दिलं न्हाईत. लिवा."

मी म्हणाले, "वन्सं, बसा तरी."

"तू गप. लिवा बाई तुमी. पोरगी निघाली व्हती, किल्ली तिच्या हातात व्हती. मी अडवली. आमच्याकडं सुतकात पैसा घराभायेर काढत न्हाईत. तुमच्याकडं काय करत्यात मला म्हाईत न्हाई."

मॅडमचे डोळे पहिल्यांदा कॉम्प्युटरवरनं उठले. म्हणाल्या, "आमच्याकडे पण नाही काढत, आजी."

"मग? त्याच्या नावाला बट्टा कशापायी? त्याला म्या वाढवला. कुनाची चवली-पावली ठिवायचा न्हाई त्यो. शिक्शा द्यायची तर मला द्या."

एवढं बोलली तेव्हा तिला शिपायानं धरून बसवलं. मॅडमनी स्वतःच्या हातानं अर्जाखाली चार ओळी वाढवल्या, बँकेच्या भाषेत: 'कौटुंबिक धार्मिक प्रथेमुळे कुटुंबीयांना व्यवहार करता आला नाही', असं काहीतरी. मला वाचून दाखवलं. त्यात वन्सं कुठंच नव्हती. खाली माझी सही, आणि वन्संनं हट्टानं आपला अंगठा उठवला. मॅडम म्हणाल्या गरज नाही, तरी उठवला.

येताना गाडीत ती म्हणाली, "मला खरंच वाटलं व्हतं गं, लक्ष्मी जाईल म्हून. त्यो तर गेलाच व्हता. लक्ष्मी तरी ऱ्हावी तुज्याकडं, म्हून." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

बरेच दिवस काही कळलं नाही. मी जुन्नरला बाजाराला गेले की डोकावायची. मॅडम लांबूनच मान हलवायच्या, अजून नाही. हे बघा, त्याचीसुद्धा सवय झाली. घरून निघताना म्हणायची, ह्यांच्या कामाला चालले.

शेवटी फोन आला. आम्ही दोघी गेलो. मॅडमनी समोर बसवलं, म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. मृत्यूच्या तारखेनंतरचे सगळे दंड परत जमा झालेत. दुसऱ्या वेळच्या चेकचा, आणि नंतर दर महिन्याचे, सगळे."

"आन् पयल्या वेळचा?"

"तो नाही झाला, आजी. त्या तारखेला खातेदार हयात होते. आणि त्याच आठवड्यात खात्यातून कार्डानं पैसे काढलेले दिसतात. मी दोनदा लिहिलं. पण नाही म्हणाले."

मी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाली, "म्हंजी मेला म्हून माफ? आन् जित्ता व्हता तवर दंड?"

मी म्हणाले, "हयात म्हंजी बाई, त्यांच्या नाकातनं नळी व्हती." आणि मग मलाच वाटलं की ह्या पोरीला कशाला ऐकवते मी हे. तिनं तिच्या परीनं केलं होतं. कार्ड माझ्या लेकीनं वापरलं, बापाला वाचवायला वापरलं, पण मशीनच्या लेखी ते ह्यांनीच काढलेले. माणूस हयात होता आणि पैसे काढत होता. कागदावर ते खरंच होतं. त्यापुढं माझी तीन पानं काय टिकणार?

मी पिशवीतून पाकीट काढलं. तर वन्संनं माझ्या मनगटावर हात ठेवला. कमरेचं पुडकं सोडलं, चुरगळलेल्या नोटा बाहेर काढल्या. तिच्या निराधार पेन्शनच्या असणार, दुसऱ्या कुठल्या?

"वन्सं, ठिवा त्ये."

"मी भरनार."

"तुमी कशापायी? माझा नवरा व्हता."

"तुझा नवरा मागनं झाला. आधी माझा भाऊ."

काउंटरवरची माणसं बघायला लागली. मी हात आखडला. एवढे दिवस मी म्हणत होते, आपण भरले म्हणजे कबूल केलं. पण ती एकेक नोट टेबलावर तळव्यानं अशी सरळ करत होती की, तिला आता कुणी हे भरू दिलं नाही तर ती मरेपर्यंत झोपणार नाही, एवढं मला कळलं. मॅडमनी पावती केली. खातं शून्य झालं.

मग बंद करायचा फॉर्म आला. उरलेलं चेकबुक त्यांनी मागून घेतलं. कोऱ्या चेकवर एकेक करून पेनानं तिरप्या रेघा मारल्या. मी दोन ठिकाणी सही केली. मॅडम उठून दारापर्यंत आल्या, आणि बँकेच्या मॅनेजर दारापर्यंत आल्या म्हणून शिपाई पण उठून उभा राहिला.

एसटी स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. गाडीला वेळ होता. समोर उसाच्या रसाचा गाडा, त्याच्या घुंगरांचा आवाज. वन्सं म्हणाली, "रस पिऊ," आणि मग म्हणाली, "नगं."

"आता परत कधी यायचं?" तिनं विचारलं.

"कुटं?"

"ब्यांकंत. त्याच्या कामाला."

मी तिच्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. मी सांगितलं, "आता न्हाई यायचं, वन्सं. झालं काम."

"समदं झालं?"

"समदं."

तिनं मान हलवली, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरली आणि हनुवटी तिच्या मुठीवर टेकवली. डिंगोऱ्याची गाडी लागली, माणसं चढायला लागली, तरी आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तेव्हा कुठं उठलो.